आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरतंय, अनुभवी लोकांनी जरा सांगा

विनायक_बावडा
नमस्कार मंडळी. आई एकाहत्तरची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. महाद्वार रोडला समोरून ओळखीची बाई आली तरी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. रात्री गाड्यांच्या लाईटनं डोळे दिपतात. चष्म्याचा नंबर बदलून बघितला, उपयोग नाही. गंमत म्हणजे पोथी मात्र आता बिनचष्म्याची वाचते, पूर्वी चष्मा लागायचा. त्यामुळं तिचं म्हणणं, डोळे सुधारायला लागलेत, ऑपरेशन कशाला?

राजारामपुरीत एका ठिकाणी दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही करून घ्या, आधी उजवा. आणि आम्हाला काउंटरवर पाठवलं. तिथल्या मुलीनं एक रंगीत कागद पुढं केला. लेन्सचे सहा प्रकार, सहा दर, सगळ्यात वरचा खालच्याच्या चौपट. "आईसाठी चांगलीच घ्या ना सर." आता यावर माणूस काय बोलणार!

चुलत्यांचं मत, अजून पिकू दे, आणि करायचंच तर थंडीत कर. आईच्या डोक्यात तिच्या आईचं ऑपरेशन बसलंय. डोळ्याला टाके, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, आणि पुढं जन्मभर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. नक्की काय होतं, किती दिवसांत माणूस मार्गी लागतो, आणि त्या सहा लेन्समधली कुठली घ्यायची?

मळ्यातला
भावा, थंडीचं पहिलं डोक्यातनं काढ. आमच्या आबांचं ऐन पावसाळ्यात केलं. पंचगंगा पात्राबाहेर, शिरोळकडचे रस्ते बंद, आणि आबा दवाखान्यातनं गॉगल लावून बाहेर. काय झालं न्हाई. फकस्त पावसात भिजू दिलं न्हाई आम्ही. पूर्वी टाके असायचे, जखम मोठी, घाम-उकाड्यानं चिघळायची भीती, म्हणून थंडी बघायचे म्हणं. आता बारा महिने चालतंय. लेन्सचं मला कळत न्हाई, ते जाणकार सांगतील.

जुनी_सिस्टर
विनायकराव, सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या थिएटरला माझी नोकरी गेली, आता निवृत्त. जमेल तेवढं लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल त्यापेक्षा माझं वेगळं निघालं तर त्यांचं ऐका, त्यांनी डोळा बघितलाय.

आधी त्या पोथीचं. डोळे सुधारलेले नाहीत. डोळ्यातल्या भिंगाचा मधला भाग घट्ट आणि पिवळा होत जातो तसा डोळ्याला उणे नंबर चढतो. त्यामुळं लांबचं आणखी बिघडतं आणि जवळचं काही काळ बिनचष्म्याचं दिसायला लागतं. मोतीबिंदू वाढला की हेही जातं. पण हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कारण नेहमीची लेन्स लांबचं दिसावं अशा हिशोबानं बसवतात. ऑपरेशन उत्तम होतं, अंबाबाईचा कळस लांबून दिसतो, आणि चौथ्या दिवशी पेशंट तक्रार घेऊन येतो की "आधी वाचता येत होतं, तुम्ही डोळा बिघडवला." असे किती आले माझ्यासमोर. डोळा बिघडलेला नसतो, आधी कुणी सांगितलेलं नसतं.

पिकू द्यायचा काळ गेला. तेव्हा अख्खं भिंग बाहेर काढायचे, पिकलेलं काढायला सोपं. आता रोजच्या कामात अडचण व्हायला लागली की करायचं. फार पिकवला तर भिंग दगडासारखं कडक होतं, ते फोडून काढायला मशीनला जास्त वेळ लागतो, काळ्या बुबुळावर सूज येते, आणि अतिपिकलेल्यानं डोळ्याचं प्रेशर वाढून डोळा लाल होऊन ठणकतो. मग तेच ऑपरेशन घाईत आणि जोखमीत करावं लागतं. उद्याच करा असं नाही, पण दोन वर्षं बघू असंही नको.

विनायक_बावडा
सिस्टर, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. "बघ, मी म्हणत होते ना आधी वाचता येतंय" एवढंच तिनं उचललं :) प्रत्यक्ष ऑपरेशनच्या दिवशी काय होतं? तिची खरी भीती तीच आहे.

जुनी_सिस्टर
त्याआधी तपासण्या. शुगर, बीपी, बहुतेक ठिकाणी ईसीजी. डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजतात, त्यावरून लेन्सचा नंबर निघतो. बाहुली मोठी करून मागचा पडदा बघतात. शुगरवाल्यांनी हे टाळायचंच नाही. पडद्यावर सूज असेल तर कितीही महाग लेन्स घाला, दिसणार पडद्याएवढंच.

मग अश्रूंची नळी. पापणीच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून पाणी सोडतात. घशात खारट लागलं की नळी मोकळी. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर खारट लागलं की बायका दचकून उठतात. नळी तुंबून पू असेल तर आधी ते बरं करतात, कारण जंतू तिथून डोळ्यात उतरतात.

त्या दिवशी दर थोड्या वेळानं थेंब टाकून बाहुली मोठी करतात. भूल दोन तऱ्हेची. नुसते थेंब, किंवा डोळ्याखाली एक इंजेक्शन. इंजेक्शन देताना दाब आल्यासारखं वाटतं, मग डोळा जड होतो. पूर्ण भूल सहसा देत नाहीत. तोंडावर कापड येतं, डोळ्यापुरतं भोक. आत गुदमरल्यासारखं वाटतं ही बहुतेकांची तक्रार, म्हणून कापडाखाली ऑक्सिजनची नळी ठेवतात. चाकू-सुरी काही दिसत नाही. झगझगीत उजेड दिसतो, कधी त्यात निळे-गुलाबी रंग फिरतात, पाणी गालावरून कानाकडे ओघळतं, मशीनची घरघर आणि मधूनच चढणारा सूर ऐकू येतो. थेंबांची भूल असेल तर "लाईटकडे बघत राहा आजी" एवढंच काम. खोकला आला, शिंक आली तर आधी बोलायचं, एकदम मान हलवायची नाही. नेहमीच्या केसला पंधरा-वीस मिनिटं. सगळं धरून अर्धा दिवस दवाखान्यात, आणि घरी. वाळूच्या पिशव्या कधीच गेल्या.

एक फार महत्त्वाचं, पुरुषांसाठी. प्रोस्टेटची गोळी, टॅमसुलोसिन नावाची, चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर डॉक्टरांना सांगा. तिनं बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीची पडदी ढिली पडून ऑपरेशनच्या मध्ये येते. आधी माहीत असेल तर सर्जन तयारीनं बसतात. लोक "डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध" म्हणून सांगत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, त्याही विचारूनच.

शाळामास्तर
विनायकच्या आजीचा तो जाड चष्मा का, यावर थोडं. तेव्हा भिंग काढायचे आणि त्या जागी काही बसवायचे नाहीत. डोळ्यातलं भिंग नाही म्हणून नाकावर भिंग. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात 29 नोव्हेंबर 1949 ला केली. युद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं छत फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत त्या प्लास्टिकचे तुकडे घुसले होते, आणि डोळा ते तुकडे मुकाट सहन करतो हे त्यांनी बघितलेलं. त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स त्यांनी केली. बड्या डॉक्टरांनी त्यांना कित्येक वर्षं वेड्यात काढलं. पुढं 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाऊंडच्या कंपनानं भिंग फोडून ओढून घ्यायची पद्धत आणली. कल्पना सुचली ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, दात साफ करायचं यंत्र बघून. आपल्याकडे त्यालाच सर्रास लेसर म्हणतात, पण ती ध्वनिलहरींची मशीन. खरी लेसरची मशीन वेगळी, ती काही पायऱ्या करते आणि बिल वाढवते. तुमच्या कागदावर 'लेसर' लिहिलं असेल तर नक्की कुठली ते विचारा.

आजरेकरीण
मास्तर, तास संपला, मुलांना सोडा :)

विनायक, आमच्या काकूंचं शिबिरातून झालं, एक पैसा लागला नाही. मशीनचं नव्हतं. थोडा मोठा छेद, सहा-सात मिलिमीटरचा, पण टाका नाही. मशीनच्या ऑपरेशनला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद, त्यातून घडी घातलेली लेन्स आत जाते आणि उलगडते. काकूंचा मोतीबिंदू फार कडक होता, डॉक्टरच म्हणाले हीच पद्धत बरी. छान दिसतंय. शिबिराचं म्हणजे हलकं, असं काही नाही. फक्त पुढच्या तपासणीला नेमकं कुठं आणि कधी यायचं ते लिहून घ्या. आमच्या वेळी ते कुणी धड सांगेना, शेवटी आम्हीच फोन करून करून शोधलं.

साजवाला
आमचं घर गुजरीतलं. वडील कोल्हापुरी साज, गळ्यातला दागिना, घडवतात, म्हणजे घडवायचे, आता बारीकच कामं. लाखेवर पत्रा, एकवीस पानं, डोळ्यापासून वीतभर अंतरावर हात. त्यांना दोन ठिकाणी "सगळं दिसेल, चष्मा नकोच" म्हणून भारीतली लेन्स सुचवली. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी विचारलं, "काका, दिवसभर काय करता?" वडिलांनी हातानं अंतर दाखवलं. डॉक्टरनी पट्टी घेऊन ते मोजलं आणि साधी, एकाच अंतराची लेन्स सुचवली, पण जवळच्या नंबरची. आता काम बिनचष्म्याचं, आणि गाडीवर बसताना लांबचा चष्मा. दर त्या कागदावरचा जवळजवळ सगळ्यात खालचा.

म्हणून म्हणतो, काउंटरवर कागद बघण्याआधी आई दिवसभर काय करतात ते एका चिठ्ठीवर लिहा आणि डॉक्टरांसमोर ठेवा. काउंटरच्या मुलीला त्यातलं काही माहीत नसतं, तिचा दोष नाही.

घाटवाट
साजवाल्याला जोड. माझ्या मामांनी मल्टिफोकल घातली, दोन्ही डोळ्यांत. मोबाईल, पेपर, लांबच्या पाट्या, सगळं बिनचष्म्याचं. खूश आहेत. पण मामांचं भाजीचं टेम्पोचं काम, पहाटे तीनला गगनबावड्याच्या घाटात. समोरच्या गाडीच्या हेडलाईटभोवती कडी दिसतात. पहिले काही महिने फार त्रास झाला, आता कमी आहे पण गेलेलं नाही. त्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी ती घेतली नसती, असं स्वतःच म्हणतात. ही लेन्स उजेड वाटून घेते, काही लांबला, काही जवळला, त्यामुळं अंधारात थोडं फिकं दिसतं. रात्री गाडी चालवणाऱ्यानं शंभरदा विचार करावा. काकू गाडी चालवत नसतील तर हा मुद्दा गौण.

जुनी_सिस्टर
घाटवाट, बरोबर. आणि मल्टिफोकलला पडदा निरोगी लागतो, म्हणून शुगरवाल्यांना जपून. डोळ्याला आडवा-तिरपा सिलिंड्रिकल नंबर असेल तर टॉरिक लेन्स खरंच उपयोगी, तिथं पैसे वाया जात नाहीत. तसा नंबर नसेल तर ती घेऊन काही मिळत नाही. साध्या एकअंतरी लेन्सला कमी लेखू नका, तिची प्रतिमा स्वच्छ असते. वाचायला चष्मा लागतो, एवढंच.

निसर्गोपचार_प्रेमी
ऑपरेशनची घाई कशाला? कांद्याचा रस, मध आणि गुलाबपाणी रोज डोळ्यात टाकलं की मोतीबिंदू विरघळतो. आमच्या ओळखीत झालंय.

जुनी_सिस्टर
नाही विरघळत. मोतीबिंदू विरघळवणारा थेंब आजवर निघालेला नाही, कांद्याचा नाही आणि दुकानातलाही नाही. असले रस टाकून बुबुळावर जखम घेऊन आलेल्या पेशंटचे डोळे मी स्वतः धुतलेत. कांदा मिसळीत घाला.

मळ्यातला
:D सिस्टर नाद खुळा!
माझा एक प्रश्न. आमच्या थोरल्या चुलत्यांचं हंगामाच्या तोंडावर करायचंय. गुऱ्हाळावर चुलवाणापुढं बसणारा माणूस. कधी बसवायचा? आणि घरातल्या बायका म्हणत्यात मटण, आंबट, वांगं बंद. पांढऱ्या रश्शाशिवाय माणूस राहील का?

जुनी_सिस्टर
रस्सा द्या. पथ्य डोळ्याला आहे, पोटाला नाही. शुगर असेल तर तिचं पथ्य आहे तसं चालू.

चुलवाण मात्र नाही. धूर, धग, उडणारी चिपाडाची कुसळं, घाम, आणि तोच हात डोळ्याला. निदान महिनाभर लांब ठेवा आणि डॉक्टर 'हो' म्हणाल्यावरच. पाचट पेटवतात त्या फडाकडेही नको. एकदा गुऱ्हाळ सुरू झालं की तो माणूस घरात बसणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, म्हणून जमलं तर हंगामाआधीच उरकून घ्या.

आता सगळ्यांसाठी, घरी आल्यानंतरचं. पहिल्या दिवशी डोळ्यात कचरा गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, थोडं लाल असतं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की कुणाला लख्ख दिसतं, कुणाला धुक्यातून. मोतीबिंदू कडक असेल तर बुबुळाची सूज उतरायला काही दिवस जातात. शेजारणीला लगेच दिसलं आणि मला नाही, म्हणून रडायचं नाही. पांढरं निळसर दिसतं, कारण इतकी वर्षं पिवळ्या भिंगातून बघत होतात. ते सवयीचं होतं. कुणाला कानाकडच्या बाजूला कमानीसारखी सावली जाणवते, बहुतेकांची आपोआप जाते.

थेंब हेच खरं काम. हात धुवायचे, खालची पापणी ओढून खोबण करायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. दोन औषधांत पाच मिनिटं अंतर, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. दुधासारखं पांढरं औषध असेल तर हलवून घ्या. स्टेरॉइडचा थेंब आधी जास्त वेळा आणि मग आठवड्याआठवड्यानं कमी, चार ते सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, आणि उरलेली बाटली पुढच्या वर्षी शेजाऱ्याला देऊ नका. रात्री झोपताना डोळ्यावर कवच. डोक्यावरून पाणी नाही, गळ्याखालून अंघोळ. केस सलूनमधल्यासारखे मान मागे टाकून दुसऱ्यानं धुऊन दिले तर चालतात. कळशी, धान्याचं पोतं उचलणं नको. देवळात साष्टांग नको, उभ्यानं हात जोडा, देवी समजून घेते. टीव्ही चालतो, डोळ्याला त्यानं काही होत नाही.

आणि हे चिकटवून ठेवा: दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, आदल्या दिवसापेक्षा कमी दिसायला लागलं, चमका मारल्या, अचानक काळे ठिपके किंवा पडदा पडल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. आत जंतुसंसर्ग किंवा पडदा सुटणं क्वचित होतं, पण तिथं तासांचा हिशोब असतो. सकाळी बघू म्हणून डोळे गेलेले आहेत.

आजरेकरीण
मेडिक्लेमचं कुणी लिहिलं नाही. बऱ्याच पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं, आणि एका डोळ्याला अमुक एवढेच अशी मर्यादा असते. वरच्या लेन्सचा फरक खिशातून. दवाखान्याच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचं काम बघतात तिथं, आधी लेखी विचारा, डिस्चार्जच्या वेळी वाद नको. मर्यादा प्रत्येक डोळ्याची वेगळी आहे का, तेही बघा.

विनायक_बावडा
मंडळी, अपडेट. साजवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठी केली. आईनंच सांगितली, मी लिहिली: पहाटे पोथी, मग निवडण-टिपण, दुपारी गोधडीचे टाके, शुक्रवारी एकटीनं देवळात, येताना भाजी. डॉक्टरांनी ती वाचली आणि या वेळी व्यवस्थित वेळ दिला. पडद्यावर शुगरचे सुरुवातीचे बदल आहेत, म्हणून मल्टिफोकल नको हे त्यांनीच सांगितलं. मग आईला समोर बसवून विचारलं, "चष्मा कशाला चालेल? पोथीला की रस्त्याला?" तिनं जरा विचार केला. म्हणाली, "पोथी बसून वाचते, चष्मा लावीन. देवळाच्या पायऱ्यांवर चष्मा घसरतो." त्यामुळं साधी लेन्स, लांबच्या नंबरची. कागदावरची खालून दुसरी.

उजवा झाला. थेंबांच्या भुलीत. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "झालं? मला वाटलं अजून तयारीच चाललीय." खारट पाण्याचं आधीच माहीत असल्यामुळं तिथं शेजारच्या बाईला तिनंच धीर दिला. दुसऱ्या दिवशी थोडं धूसर होतं, आता स्वच्छ. थेंबांचा तक्ता फ्रीजवर लावलाय, माझी मुलगी त्यावर टिक करते आणि आजीला ओरडते.

अडचण एकच. पोथी आता वाचता येत नाही, जुना वाचायचा चष्माही जुळत नाही. आणि दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतंय म्हणून चालताना जरा बिचकते.

जुनी_सिस्टर
होणारच. उजव्याचा नंबर जवळजवळ गेला, डाव्याचा उणे आहे तसाच. मेंदूला दोन वेगळी चित्रं मिळतायत. दुसरा डोळा झाला की जुळतं, म्हणून तो फार लांबवू नका. किती अंतर ठेवायचं ते डॉक्टर उजव्याची जखम बघून सांगतील. तोवर जिन्यावर कुणीतरी सोबत. कायमचा चष्मा महिना-दीड महिन्यानं, नंबर स्थिर झाल्यावर. आत्ता घाईनं केलात तर परत करावा लागेल. तोपर्यंत पोथी तुम्ही वाचून दाखवा.

घाटवाट
पुढं काही वर्षांनी परत धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका. तो परत येत नाही. भिंगाची मागची पातळ पिशवी तशीच ठेवतात, नवी लेन्स तिच्यातच बसते. काहींना त्या पिशवीवर जाळी येते. लेसरनं मधे खिडकी पाडतात, काही मिनिटांचं काम, कापाकापी नाही. मामांची झालीय.

विनायक_बावडा
हे माहीत नव्हतं, बरं झालं. डावा दसऱ्यानंतर ठरतोय, नवरात्रात देवळात जायचंच असा तिचा हट्ट आहे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, फक्त गर्दीच्या वेळी नको म्हणाले. सोबत मी असेनच. डिस्चार्ज कार्डावर लेन्सचा स्टिकर लावून दिलाय, नंबर-कंपनी सगळं आहे, तो जपून ठेवायचा असतो का?

जुनी_सिस्टर
हो, कायमचा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी लागतो आणि पुढं कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरना दाखवता येतो. फोटो काढून मोबाईलमध्येही ठेवा, कार्डं रद्दीत जातात.

मळ्यातला
आमच्या चुलत्यांची तारीख मिळाली, गुऱ्हाळ पेटायच्या आधीची. सिस्टर, प्रोस्टेटची गोळी खरंच निघाली त्यांच्या पिशवीत. डॉक्टरना दाखवली.

जुनी_सिस्टर
शाब्बास. कधीपासून घेतायत तेही सांगा त्यांना.